शेवटी घ्यायचं नाव

त्या हंगामात आमचं गाणं उसाच्या ट्रॅक्टरवर वाजत होतं, प्रवासी भरून धावणाऱ्या वडापच्या जीपमध्ये वाजत होतं आणि कराडच्या स्टँडसमोर तर शेजारशेजारच्या दुकानांत एकमेकांच्या पुढेमागे वाजत होतं. मला मात्र एका जागी बसवत नव्हतं. चहा सांगायचा आणि तो यायच्या आत उठायचं, अशी गत झाली होती. गाणं कानावर आलं की मी मधल्या बडबडीची वाट बघायचो. ती बडबड माझी. ती शेवटाला आली की मी कान टवकारायचो आणि संपली की डोक्यात तिडीक जायची. सबंध गाण्यात मला हवं असलेलं नाव एकच होतं, आणि तेवढंच ऐकू येत नव्हतं.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल, ह्या आकारामाच्या तोंडाला काही धरबंध नाही.

तोंड हाच माझा धंदा. सांगली-साताऱ्याकडच्या कुस्त्यांच्या मैदानात मी माईकवर असतो. पैलवान कोण, कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, हे हलगीच्या ठेक्यावर एका दमात सांगायचं, तेही असं की मागे बसलेला म्हातारा उठून उभा राहिला पाहिजे. मैदानं नसतात तेव्हा रिक्षाला भोंगा बांधून सांगलीभर साड्यांच्या सेलची जाहिरात करतो. गप्प बसायचे पैसे मला आजवर कुणी दिलेले नाहीत.

हे काम मला आप्पासोंनी शिकवलं. जुने निवेदक, भोंग्याची गरजच पडू नये असा आवाज. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या कानात घातलं होतं, "समद्या गावांची नावं घे. मोठ्याचं घे, बारक्याचं घे. पर आपलं गाव शेवटाला. घरचा मानूस पंगतीत शेवटी जेवतो का न्हाई? तसंच. आधी घेतलंस तर लोक म्हणतील, पोरगं सवताचाच डंका वाजवतंय." ही रीत मी कधी मोडली नाही. मैदानात त्याची अडचणही नसते. सगळी नावं झाली की हलगीवाला थांबतो, मी दम घेतो आणि सांगतो, "आणि तुमचा हा निवेदक, आकाराम धुळा सरगर, मुक्काम सरगरवाडी, तालुका जत."

सरगरवाडी तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. जतच्या पार पलीकडे, कर्नाटकाच्या अंगाला. तिथे माणूस मराठीत बोलता बोलता कानडीत शिरतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही. घरं थोडी, मेंढरं जास्त. एसटी पुढच्या गावाला थांबते. पाण्याचा टँकर येतो तोही त्याच गावाच्या नावावर, त्यांचं भागून उरलं तर आमच्याकडे वळतो. माझे वडील धुळा सरगर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे, खतासाठी लोकांच्या रानात मेंढरं बसवायचे आणि पावसाच्या आत परतायचे. जन्मभर वाटेवर त्यांना एकच प्रश्न, "कुठलं पाव्हणं?" आणि त्यांचं एकच उत्तर, "जतकडचं." वाडीचं नाव सांगून काय उपयोग? ऐकणारा विचारणार, ही कुठं आली, आणि मग सांगत बसायचं. आबांना फार बोलायची सवय नाही. त्यांच्या वाटणीचं मीच बोलून टाकतो, असं आई म्हणते.

तर गोष्ट शहाण्णव सालची. कराडच्या लालासाहेबांचं कॅसेटचं दुकान होतं. वरच्या माडीत भिंतींना गाद्या ठोकून त्यांनी रेकॉर्डिंगची खोली केली होती. भजनं, लग्नाची गाणी, देवाची गाणी वर भरायची आणि खाली विकायची. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. मुंबईकडच्या गाण्यांत हल्ली बाई गोड गाते, मध्येच एक जण भराभरा बोलतो आणि पोरं त्या बोलण्यावरच जीव टाकतात, हे त्यांनी हेरलं होतं. त्याला रॅप म्हणतात. लालासाहेब राप म्हणायचे. आपल्या भागात राप करणारा कोण सापडतो म्हणून ते शोधात होते, आणि एका मैदानात त्यांनी मला ऐकलं. कुस्त्या संपायच्या आत त्यांनी माझा दंड धरला.

"आकाराम, तू राप करतोस."

"न्हाई वो, मी निवेदन करतो."

"त्येच त्ये. उद्या कराडला ये."

गेलो. माडीवर दोघं बसले होते. एक निमिष, तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगा. त्याला परीक्षेपेक्षा आपल्या की-बोर्डची काळजी जास्त. चाल त्याची होती. दुसरी प्रियदर्शनी, साताऱ्याची, ऑर्केस्ट्रात गाणारी. तिचे वडील गायन पार्टीत, भीमजयंतीला त्यांना गावोगावची बोलावणी. मुलीचा आवाज असा, की तिने नुसतं "चहा झाला का?" म्हटलं तरी सुरात वाटावं. मात्र रागही नाकाच्या शेंड्यावर. लालासाहेबांनी तिला काळा चष्मा लावून फोटो काढायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुम्हीपण लावा, म्हणजे दोघांनाही काही दिसणार नाही."

गाणं साधं. वाटेवर भेटलेल्या पोराला ती विचारते, "थांब जरा, सांग जरा, गाव तुझं कोणतं?" आणि तो सरळ सांगायचं सोडून हिंडलेली सगळी गावं सांगत सुटतो. ते सुटणं म्हणजे मी.

*खंबाटकी उतारलो, वाईत हात जोडलं,*
*साताऱ्याचा पेढा खाल्ला, कराडात घोडं सोडलं,*
*तासगावचा बेदाणा, मिरजंची तार,*
*सांगलीच्या हळदीनं पिवळा झालो पार...*

पुढे बारक्या गावांची नावं, ठेका वाढत जातो, आणि सगळ्यात शेवटी, रीतीप्रमाणे, सरगरवाडी. म्हणजे तिने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर.

प्रियदर्शनीला साताऱ्याची गाडी गाठायची होती म्हणून तिचं आधी भरून घेतलं. मधल्या मोकळ्या जागेत मी बोलायचं. डोळे मिटून मी जी सुरुवात केली ती एका दमात शेवटापर्यंत गेलो, आणि "सर" म्हणतोय तोवर टेपवरून ती आली, "थांब जरा, सांग जरा." वाडी तिच्या सुराखाली गाडली गेली.

"निमिष, टेप थोडी थांबव की."

"टेप थांबत नसते. त्यांचा आवाज आधीच भरलाय, त्या ठरल्या जागी येणारच. तुम्ही एक गाव कमी करा."

कुठलं कमी करू? सगळे पाहुणे. पाहुण्याला पानावरून उठवून आपण बसायचं?

लालासाहेब खाली जाता जाता म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. सरगरवाडीत टेप तरी हाय का कुनाकडं? कोन इकत घेनार हाय?" खरं होतं. टेप कुणाकडेच नव्हता. खरं होतं म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला.

कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तेच एक गाणं भरलं होतं. लालासाहेब म्हणाले, उलटायची कटकट नको. आणि ती कॅसेट हातोहात खपली. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला होता. ट्रॅक्टरवाल्यांना रात्रंदिवस जागं ठेवणारं काहीतरी हवंच असतं, त्यांनी ती उचलली. आपल्या गावाचं नाव आलं की ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायचा. वडापवाले तर गाव येईपर्यंत टेप मागेपुढे करून नेमकं त्या गावात शिरताना ते नाव वाजवायचे. लोक मला रस्त्यात ओळखायला लागले. माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते, आणि तरी प्रत्येक वेळी शेवटाला आलं की मन खट्टू व्हायचं.

आबांची मेंढरं तेव्हा कराडजवळ कार्व्याच्या शिवारात बसली होती. मी पेढे घेऊन गेलो. आबा बांधावर बसून एका कोकराच्या पायातला काटा काढत होते. पेढा खाल्ला, हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "आयकलं म्या तुजं गानं. टॅक्टरवर."

"कसं वाटलं?"

"आवाज वळकला. टॅक्टरवाल्याला म्हणलं, ह्यो माजा ल्योक. त्यो म्हणला, मग तुमचं गाव कंचं? म्या म्हणलं, दम धर, आता शेवटाला यील. आमी दोगंबी आयकत बसलो." आबांनी कोकरू खाली सोडलं. "तवर ती बाई बोलली."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडलो असतो, माझा स्वभावच तसा. पण ते नुसतं झालं तसं सांगत होते.

"औंदा मेंढरं इकायची, आकाराम. गुडघं साथ देईनात. ह्या वाटंनं ह्यो शेवटचाच फेरा." मग त्यांनी मेंढरांकडे बघितलं. "लोकं इचारत्यात, कुठलं. येकदा वाडीचं नाव सांगावं आन पुढच्यानं म्हणावं, व्हय, आयकलंय, आसं वाटतं बग. बाकी काय न्हाई."

"घेतो, आबा. तुमी परत जायच्या आत घेतो."

बोलून गेलो. आणि तिथून माझी जी वणवण सुरू झाली ती पावसाळा तोंडावर येईपर्यंत थांबली नाही.

नशिबाने संधी लगेच आली, तीही भांडणाच्या रूपाने. खंबाटकीच्या पायथ्याच्या खंडाळ्याचे चार जण जीप करून कराडला आले आणि त्यांनी लालासाहेबांच्या काउंटरवर कॅसेटी आपटल्या. "घाट आमचा, आन नाव वाईचं? खंबाटकी चडायच्या आदी काय लागतं, म्हाईत न्हाई का?" त्यांच्यामागून कोरेगावकर आले. मग विट्याचे. इस्लामपूरच्या एका हॉटेलवाल्याने निरोप धाडला की आमचं नाव नसलेलं गाणं आमच्या गावात वाजणार नाही. लालासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण व्यापारी माणूस तो. संध्याकाळपर्यंत चेहरा खुलला.

"आकाराम, लोकं नाव न्हाई म्हणून भांडत्यात. म्हंजे नाव दिलं तर घेतील! परतेक तालुक्याची येगळी कॅसेट काडू. बाईचं गानं तेच. राप तेवढा तू बदल."

आणि खरंच तसं झालं. हिरव्या कव्हराची कोरेगावची, लाल कव्हराची विट्याची, पिवळ्या कव्हराची मिरजेची. विट्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्याने देशभर पसरलेली. सुट्टीला आलेल्यांनी ती लाल कॅसेट पार कलकत्त्यापर्यंत नेली. माडीवर टेपांच्या प्रती काढायचं मशीन दिवसभर तापलेलं. लालासाहेबांनी दुकानाला नवं शटर बसवलं.

मी प्रत्येक वेळी धावत कराडला जायचो. गाडी मिळाली नाही तर दुधाच्या टेम्पोत बसायचो. वाटेत नवी नावं जुळवायची, *कोरेगावचा घेवडा, रहिमतपूरची वाट,* आणि मनात एकच हिशोब, ह्या वेळी शेवटाला जागा राहते का. राहायची नाही. मोकळी जागा तेवढीच, गावं मात्र वाढत चाललेली. कोरेगावच्या कॅसेटीत "सर" ऐकू आलं. विट्याच्या कॅसेटीत नुसता "स". मिरजेच्या वेळी मी इतक्या झपाट्याने बोललो की "सरगर"पर्यंत पोचलो, पण निमिष म्हणाला की आधीचं काहीच कळत नाही, आणि ते पुसलं.

आबा वाट चालत होते आणि प्रत्येक मुक्कामाला नवीन कॅसेट ऐकत होते. कुणाच्या तरी हाती निरोप यायचा. "म्हातारा म्हणत व्हता, कोरेगावचीबी आयकली." एवढाच. पुढे काही नाही. त्या निरोपाने मला जेवण जायचं नाही.

माघाच्या सुमाराला साताऱ्यात आमचा कार्यक्रम होता. त्याच्या आधी स्टँडवर चहा पिताना मी प्रियदर्शनीला सगळं सांगून टाकलं. सांगून कसलं, तिच्यावरच घसरलो. "तुमी जरा उशिरानं गायला असता तर काय बिघडलं असतं?"

"मी टेपवर आहे, आकारामभाऊ. टेपवरच्या माणसाशी काय भांडता?" ती म्हणाली. "आणि मला सांगा, ते नाव शेवटीच का? कराडच्या पुढे घ्या, वाईच्या आधी घ्या. तुमचं तोंड आहे, तुमचं गाणं आहे."

"रीत न्हाई तशी."

"रीत!" तिने कप बाकावर ठेवला. "माझे बाबा गायला उभे राहिले की पहिल्यांदा आपल्या वस्तीचं नाव घेतात. लोक हसायचे, म्हणायचे, आधी देवाचं नाव घे. बाबा म्हणायचे, तुम्ही आमचं नाव शेवटीसुद्धा घेत नाही, मग आम्हीच आधी घेतो. तुमच्या आप्पासोंना काय, त्यांचं गाव सगळ्यांना माहीत होतं. माहीत असलेल्यानं शेवटी बसावं, त्यात शोभा असते. तुम्ही शेवटी बसलात तर कुणाला दिसणारसुद्धा नाही."

 चहाचे पैसे देऊन मी स्टँडभर फेऱ्या मारत राहिलो. तिचं पटत होतं. पण त्या रात्री स्टेजवर गाण्याची टेप सुरू झाली, माईक हातात आला आणि तोंडातून निघालं, "खंबाटकी उतारलो." पंधरा वर्षांची सवय, ती काय एका चहाने जाते?

वैशाखात मुंबईची कॅसेट कंपनी आली. कलकत्त्यापर्यंत गेलेली कॅसेट त्यांच्या कुणाच्या तरी हाती पडली होती. गाणं विकत घ्यायचं, मोठ्या गायकांच्या शेजारी दुकानात ठेवायचं, टीव्हीवर दाखवायचं, असं सगळं. सांगलीत एका शाळेच्या मैदानावर मोठा कार्यक्रम ठरला. कंपनीचे साहेब ऐकायला येणार होते. लालासाहेबांनी सफारी शिवली.

कार्यक्रमाच्या दुपारी मंडपामागे त्यांनी मला बाजूला घेतलं. तेव्हाच मला कळलं की पाणी मुरतंय. "आकाराम, सायबांना बाईचा आवाज लय आवडलाय. चालबी आवडली. फकस्त ती गावांची नावं नकोत म्हणत्यात. नागपूरवाल्याला तासगावच्या बेदान्याचं काय? मुंबईचा कोन पोरगा हाय, त्यो राप करनार. विंग्रजी मिसळून." मग माझ्या खांद्यावर हात. "तुजं नाव ऱ्हाईल कव्हरावर. बारीक अक्षरात."

"माजं नाव नकोच हाय मला," मी ओरडलो. "कुनाचं पायजे ते म्हाईत हाय तुमास्नी."

"आरं, धंदा हाय ह्यो."

धंदा होता, आणि धंद्याच्या हिशोबाने त्यांचं चूक नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर अंगाची लाही होत होती. म्हणजे आजचा हा शेवटचा मोका. उद्यापासून हे गाणं सगळीकडे वाजणार आणि त्यात कुठलंच गाव असणार नाही, वाई नाही, कराड नाही. सरगरवाडी तर कधी नव्हतीच.

आबांची मेंढरं परतीच्या वाटेवर होती, सांगलीच्या अलीकडे नदीकाठी बसलेली. मी सकाळीच निरोप धाडला होता की संध्याकाळी या, काही झालं तरी या. मंडपामागे उभा राहून मी ठरवलं, आज रीत गेली चुलीत. आज पहिलं नाव सरगरवाडी. आप्पासोंनी वरून शिव्या घातल्या तरी चालतील. हे मी प्रियदर्शनीलाही सांगितलं. "म्हातारा आलाय?" तिने विचारलं. मी म्हणालो, बघतो.

दिवस कलताना कार्यक्रम सुरू झाला. मैदान गच्च भरलेलं. पुढच्या खुर्च्यांत चष्मेवाले साहेब, त्यांच्या शेजारी घामाने निथळणारे लालासाहेब. आणि अगदी मागे, दोरीला टेकून, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आबा. एकटेच. वाडीतलं दुसरं कोण असणार? मेंढरांपाशी चुलत्याला बसवून आले असणार.

त्या दिवशी टेप नव्हती. निमिषचा की-बोर्ड, माझ्या ओळखीचा मैदानातला हलगीवाला आणि आम्ही दोघं. प्रियदर्शनीने मुखडा घेतला. "थांब जरा, सांग जरा, गाव तुझं कोणतं?" पब्लिकने शिट्ट्या मारल्या. माझी पाळी आली. मी माईक तोंडाशी नेला, सरगरवाडी म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं,

"खंबाटकी उतारलो, वाईत हात जोडलं..."

स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पण तोंड चालूच. एकेक गाव येत होतं आणि त्या त्या गावची माणसं मैदानात जिथे असतील तिथून ओरडत होती. तासगाव म्हटलं की डावीकडून आरोळी, मिरज म्हटलं की उजवीकडून, सांगलीला तर सगळं मैदानच उठलं. लोकांना काय चेव आला होता! आणि मी त्या लाटेवर पुढे पुढे ढकलला जात होतो, हलगी वाढत होती, आणि शेवटाकडे जाताना मला समोर भिंत दिसत होती. आता ती येणार. ठरल्या जागी ती येणारच. मी शेवटच्या बारक्या गावाचं नाव टाकलं आणि अंग चोरून तिच्या आवाजाची वाट बघितली.

ती आली नाही.

टेपवरची प्रियदर्शनी कधी थांबली नव्हती, ही थांबली. माईक खाली धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. निमिष गडबडला, त्याने बोटं उचलली. हलगी तेवढी वाजत राहिली. पुढे मोकळी जागा. मला हवी तेवढी, सबंध हंगाम जिच्यामागे मी धावलो ती. फक्त सहा अक्षरं टाकायची होती.

मी मागे बघितलं. आबा दोरी सोडून सरळ उभे राहिले होते. एक हात कानामागे.

आणि माझा आवाज गेला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ओठ हलले आणि त्यातून काही निघेना. जन्मात पहिल्यांदा आकारामाचं तोंड बंद पडलं, आणि तेही नेमकं तेव्हा. पब्लिकला वाटलं मी विसरलो. कुणीतरी हसलं. लालासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. मी नुसता माईक धरून रडत होतो, आबांकडे बघत.

प्रियदर्शनीने मी कुठे बघतोय ते बघितलं. मग तिने माईक उचलला आणि साहेबांच्या, खुर्च्यांच्या, सगळ्या गर्दीच्या डोक्यावरून, थेट त्या दोरीपर्यंत, नुसत्या हलगीवर, सावकाश विचारलं,

"थांब जरा, सांग जरा, गाव तुझं कोणतं?"

 आणि मागून आवाज आला. मेंढरं ओढ्यापलीकडे गेली की त्यांना वळवायला आबा देतात ना, ती लांब, सगळ्या माळावर जाणारी आरोळी. माईक नाही, भोंगा नाही.

"सरगरवाडीऽऽ!"

सगळं मैदान मागे वळलं. कुणी ओरडलं नाही, कारण त्या गावचं दुसरं कुणी नव्हतंच. मग आबांच्या शेजारच्या माणसाने त्यांना काहीतरी विचारलं. आजूबाजूचे चार-सहा जणही पुढे सरकले. इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असणार ते मला माहीत आहे. आबांनी काठी बगलेत धरली, हात वर केला आणि उगवतीकडे दाखवला. मग हात थोडा डावीकडे वळला, मग पुन्हा सरळ. ते त्यांना आमच्या वाडीची वाट सांगत होते आणि ती माणसं मान हलवत ऐकत होती.